गारा कांद्यावरही पडतात, गाडीवरही



आज उन्हाळ कांद्याच्या रोपावर लिहायचं होतं. पण गेल्या आठवड्यात तीन जणांचे फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच. "दादा, गाडीचा विमा संपतोय, स्वस्तात कुठला बघू?" तिघांनाही मी म्हटलं, थांबा, सविस्तर लिहितो. कारण स्वस्ताच्या नादात मी स्वतः एकदा चांगला आपटलोय. तो प्रकार सांगितल्याशिवाय नुसता सल्ला देणं बरं नाही.

आधी बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या भागाबद्दल थोडं. आम्ही मनमाडच्या बाजूचे, नांदगाव तालुक्यातले. इथून जवळच पानेवाडी आहे. मुंबईहून जमिनीखालच्या नळानं पेट्रोल-डिझेल इथं येतं, टाक्यांत साठतं, टँकरमध्ये भरलं जातं आणि उत्तर महाराष्ट्र-मराठवाड्यातल्या पंपांवर जातं. १ जानेवारी २०२४ ला टँकरचालकांनी संप केला तेव्हा पंपांवर किती रांगा लागल्या, ते आठवत असेल. त्या टँकरवरचे कितीतरी ड्रायव्हर, क्लीनर आमच्याच वाड्या-वस्त्यांवरचे. कुणाचा पंक्चरचा धंदा, कुणाचा ढाबा, कुणी कर्ज काढून स्वतःचा टँकर घेतलेला. पाऊस कमी, जमीन हलकी, त्यामुळं नुसत्या शेतीवर भागत नाही. अर्धं घर कांद्यावर आणि अर्धं घर चाकांवर चालतं.

आणि वरून गारा. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च महाराष्ट्र विसरलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात, २६ तारखेला, नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांची काय दशा झाली तेही सगळ्यांनी पाहिलं. गार म्हटली की आपल्याला कांदा, द्राक्ष, गहू आठवतो. गाडी आठवत नाही. कांद्याला चाळ असते, जनावरांना गोठा असतो, गाडी मात्र लिंबाखाली उघड्यावर.

माझी पिकअपही तशीच उभी होती. एप्रिल महिना, दुपारी चारच्या सुमारास हडबीच्या शेंडीकडून काळं आभाळ उठलं. शेतात काढलेला कांदा पडलेला. घरातले सगळे ताडपत्र्या घेऊन पळालो. कांदा झाकला, कडेला दगड ठेवले आणि तेवढ्यात सुरू झालं. दहा-बारा मिनिटंच, पण आवळ्याएवढ्या गारा. थांबल्यावर बघतो तर पिकअपच्या पुढच्या काचेला जाळं पडलेलं, दोन्ही हेडलाइट फुटलेले, टपाला खड्डे, मडगार्ड तडकलेलं आणि रंगाचे टवके उडालेले. मंडळी म्हणाल्या, "कांदा वाचला ना? गाडीचा तर विमा आहे." मलाही तसंच वाटलं. फुल इन्शुरन्स होता. फर्स्ट पार्टी. निवांत झोपलो.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर आला. पोरगा तरुण, बोलायला नीट. फोटो काढले, कागद पाहिले आणि म्हणाला, "काका, काच मिळेल. टपाच्या ठोकाठोकीचं मिळेल. लाइट, मडगार्ड, बंपर आणि रंगाचं नाही मिळणार."

म्हटलं का? फुल इन्शुरन्स आहे.

तो म्हणाला, "तुमच्या पॉलिसीत आयएमटी तेवीस नाही."

मला आधी वाटलं कांद्याचं नवीन वाण आलंय. मग त्यानं पॉलिसीचं पान उलटून दाखवलं. पिवळ्या पाटीच्या गाड्यांना, म्हणजे मालवाहू, व्यावसायिक गाड्यांना जो विमा असतो, त्यात एक कलम मुळातच घातलेलं असतं. गाडी पूर्णच संपली तर गोष्ट वेगळी. नाहीतर दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे पैसे मिळत नाहीत. ते हवे असतील तर जादा हप्ता भरून 'आयएमटी २३' नावाचं कलम जोडून घ्यावं लागतं. ट्रॅक्टरलाही हाच नियम.

आता तुम्हीच सांगा, गार गाडीचं काय फोडते? इंजिन फोडते का? गिअरबॉक्स फोडते का? गार वरून येते. काच, दिवे, टप, बोनेट आणि रंग, एवढंच तिच्या वाटेत असतं. त्यातले दिवे आणि रंग माझ्या 'फुल' इन्शुरन्समध्ये नव्हतेच.

हिशेब सांगतो. दिवे, मडगार्ड, बंपर आणि रंग मिळून साडेचोवीस हजार खिशातून गेले. ते कलम जोडायला मला जादा लागले असते साधारण साडेतेराशे. कलम जोडलं तरी सगळे पैसे परत येत नाहीत. घसारा आणि मालकाचा हिस्सा कापूनच मिळतात. पण काहीतरी आलं असतं. एजंटला दोष देत नाही. तो माझाच लांबचा भाचा. त्यानं आधी जो आकडा सांगितला होता त्यावर मीच म्हटलं होतं, "अरे कमी कर ना जरा, घरचाच माणूस आहेस." त्यानं कमी केला. काय काढून कमी केला, ते मी विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाडीचा विमा घेताना हप्त्याचा आकडा शेवटी बघा. आधी विचारा की आपल्या भागात गाडीवर काय संकट येतं आणि त्या संकटात जे फुटतं-तुटतं त्याचे पैसे हा कागद देतो का. आपल्याकडं संकटं दोन. वरून गार आणि रस्त्यावर टँकर. ह्या दोन्हींत जो कागद कामाला येत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी महागच.

आता एकेक नीट बघू.

थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्यासाठीचा विमा. तुमच्या गाडीनं कुणाला इजा झाली, कुणी गेलं, कुणाचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. हा कायद्यानं सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळेला २,००० रुपये दंड, तुरुंगवासही होऊ शकतो. पण थर्ड पार्टीमधून गारेचा एक रुपया मिळत नाही. गार, पूर, वादळ, वीज, आग, स्फोट, चोरी, दंगल, दरड हे सगळं स्वतःच्या नुकसानीच्या भागात येतं. इंग्रजीत त्याला ओन डॅमेज म्हणतात. दोन्ही एकत्र घेतलं की आपण त्याला फुल इन्शुरन्स म्हणतो. त्या यादीत गारपीट हा शब्द स्पष्ट छापलेला असतो, तेव्हा "गार म्हणजे देवाची करणी, त्याचे पैसे नसतात" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. जून २०२२ मध्ये जे दर ठरले, त्यात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सीसीच्या मोटरसायकलला ७१४ रुपये आहेत, कर वेगळा. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कुणी तुम्हाला दोन-तीन हजारांनी स्वस्त पॉलिसी दाखवत असेल, तर ती स्वस्ताई थर्ड पार्टीतून आलेली नाही. ती ओन डॅमेजमधूनच आली. कधी खरंच कंपनीनं सूट दिलेली असते, ती घ्यावी. पण कधी गाडीची किंमत कमी धरलेली असते, कधी एखादं कलम काढलेलं असतं. "सूट कशाची दिली?" एवढं विचारलं की खरं काय ते कळतं.

मोटरसायकलवाल्या पोरांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांची आणि नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. शोरूममधून गाडी आणली की कागदावर पाच वर्षं पुढची तारीख दिसते आणि पोरगं निर्धास्त होतं. पण बऱ्याच पॉलिसींत ओन डॅमेजचा भाग एकाच वर्षाचा असतो. म्हणजे पहिल्या वर्षानंतर गाडी चोरीला गेली, गारेनं फुटली, टँकरखाली आली, तर तुमच्या गाडीचं काही मिळत नाही. पोलिसानं अडवलं तर कागद चालतो, गारेपुढं चालत नाही. कागदावर दोन तारखा असतात, दोन्ही वाचा. नुसता ओन डॅमेजही वेगळा घेता येतो.

आता घसाऱ्याचं बघू. माझ्या मेहुण्याची पांढऱ्या पाटीची कार त्याच गारेत सापडली. गाडी साडेचार वर्षांची. गॅरेजचं बिल झालं ४५,००० रुपये. काच ९,०००, बोनेट ८,०००, प्लॅस्टिकचे भाग ६,०००, रंगाचं सामान १०,००० आणि मजुरी १२,०००. काचेवर घसारा नाही, ते पूर्ण मिळाले. मजुरी पूर्ण मिळाली. बोनेटच्या पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणं ३५ टक्के कापले, म्हणजे २,८००. प्लॅस्टिकवर निम्मे कापले, म्हणजे ३,०००. रंगाच्या सामानावर निम्मे, म्हणजे ५,०००. वर मालकानं भरायचा सक्तीचा हिस्सा १,०००. एकूण ११,८०० रुपये त्याचे गेले आणि कंपनीनं ३३,२०० दिले. त्याच्याकडं झिरो डेप असता, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कलम, तर त्याला हजार रुपयेच भरावे लागले असते. गारेच्या पट्ट्यात गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर झिरो डेपला जादा पैसे द्यायला मी तयार आहे. त्यापुढं गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत, आणि दिलं तरी महाग पडतं.

क्लेम करायचाच का, हा वेगळा हिशेब. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की परत शून्यावर. समजा तुमची सूट आज ४५ वर आहे. क्लेम नाही केला तर पुढची पाच वर्षं ५०-५०. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक बेरीज करून बघा, १२५ टक्के येतो. म्हणजे ओन डॅमेजचा मूळ हप्ता वर्षाला ८,००० असेल, तर एका क्लेमची किंमत पाच वर्षांत साधारण दहा हजार. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता थोडा उतरतो, त्यामुळं थोडं कमी धरा. पण अंदाज हाच. चार खड्डे पडले, आठ हजारांचं काम आहे, तर आपल्या खिशातून करा. मेहुण्यासारखे तेहतीस हजार मिळणार असतील तर बिनधास्त क्लेम करा. आपल्याकडं उलटं चालतं. बारीक ओरखड्याला क्लेम करतात आणि मोठ्या नुकसानीला "कोण त्या कागदांच्या भानगडीत पडणार" म्हणून सोडून देतात.

तिसरी गोष्ट आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत. दुरुस्तीचा खर्च ह्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढं गेला की गाडी संपली असं धरतात आणि हीच रक्कम मिळते. हप्ता कमी व्हावा म्हणून एजंट ही किंमत खाली आणतात. गाडी कर्जावर असेल तर मिळालेले पैसे आधी बँक घेते. म्हणजे तीन लाख कर्ज बाकी आणि आयडीव्ही दोन लाख, असं झालं तर गाडीही गेली आणि वर लाखाचं कर्ज डोक्यावर. कर्जावर टँकर घेतलेल्या भावांनी हे आजच तपासावं.

आता तेलाच्या गावाच्या खास गोष्टी.

पांढऱ्या पाटीच्या जीपमध्ये ड्रायव्हर-क्लीनर पोरांना डेपोपर्यंत सोडायचं आणि माणशी पैसे घ्यायचे, हे आपल्याकडं सर्रास चालतं. कुणाचं पोट मारायला मी सांगत नाही. पण खासगी पॉलिसीवर भाड्यानं माणसं नेताना अपघात झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते. धंदाच करायचा असेल तर पाटी आणि पॉलिसी दोन्ही धंद्याची करा. शेतीचा म्हणून विमा काढलेला ट्रॅक्टर मुरूम-विटा भाड्यानं ओढत असेल तर तीच गत. ट्रॉलीचं नाव पॉलिसीत आहे का तेही बघा. ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट मजुरांची. कांदा काढायला बाया-माणसं येतात, पिकअपच्या हौद्यात नाहीतर ट्रॉलीत बसवून आणतो. मीही आणलीत. मालवाहू गाडीत मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला असेल तर कायदा त्याला विम्यात धरतो. पण नुसतीच माणसं बसवली असतील तर सर्वोच्च न्यायालयानं बऱ्याच वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितलंय की कंपनीवर जबाबदारी येत नाही. पैसे मालकाच्या अंगावर येतात. कधी कोर्ट कंपनीला म्हणतं आधी तू भर आणि मग मालकाकडून वसूल कर. शेवटी जमीन विकायची वेळ येते ती मालकावरच. आणि पैशाचं सोडा, जी बाई सकाळी भाकरी बांधून आपल्या भरवशावर ट्रॉलीत चढते, तिच्या मागं काय राहणार, ह्याचा विचार करा. माणसं न्यायला माणसांची गाडी सांगा. त्या दिवसाचं भाडं कांद्याच्या खर्चात धरा. मी ते सुरू केलंय. क्विंटलमागं काही फार मोठा फरक पडत नाही.

ड्रायव्हरच्या लायसनबद्दलही विचारतात. पिकअपसारख्या हलक्या मालवाहू गाडीला वेगळं ट्रान्सपोर्ट लायसन लागतं का, ह्यावर वर्षानुवर्षं क्लेम अडकत होते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो. तेवढा एक घोर मिटला. पण टँकरला तो निकाल लावू नका. टँकरला जड वाहनाचं लायसन लागतं, वर धोकादायक माल नेण्याचं प्रशिक्षण आणि तशी लायसनवर नोंद लागते. नोंदीची मुदत संपली असताना काही झालं तर आधी मालक अडकतो. लायसन, फिटनेस, परमिट आणि विमा, चारही तारखा केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून लावा.

मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा अपघात विमा असतो. "दुसऱ्या पॉलिसीत आहे" असं खोटं सांगून हप्त्यातून साडेसातशे-आठशे रुपये वाचवणारे मला माहीत आहेत. रात्री-अपरात्री रस्त्याच्या कडेला टँकर उभे असतात, मागचा लाल दिवा कधी लागतो कधी नाही. त्या रस्त्यानं आपण रोज मोटरसायकलवर येतो-जातो. इथं तरी ते साडेसातशे रुपये वाचवू नका.

मग कुणी काय घ्यावं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

दहा-बारा वर्षांची जुनी मोटरसायकल किंवा जीप असेल तर थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा पुरे. त्या गाडीच्या ओन डॅमेजला जे पैसे जातील, ते चार-पाच वर्षं साठवून पत्र्याची शेड करा. पाच वर्षांच्या आतली कार असेल तर फुल आणि झिरो डेप. पिकअप, छोटा हत्ती, टँकर, ट्रॅक्टर कामाला लावलेला असेल तर फुल आणि आयएमटी २३, आणि आयडीव्ही बाजारभावाच्या जवळ. इंजिनात पाणी शिरण्याचं कलम आमच्या माळरानावर मला गरजेचं वाटत नाही. ते नदीकाठच्या गावांनी घ्यावं. चावी हरवल्याचे पैसे, प्रवासातल्या बॅगेचे पैसे, असली कलमं सरळ काढून टाका आणि त्याच पैशात उपयोगाचं कलम घ्या.

शेडबद्दल आमचे नाना नेहमी म्हणतात, "विम्यापेक्षा पत्रा बरा. पत्रा सर्व्हे करत नाही." त्यांचं अर्धं खरं आहे. गाडी घरी उभी असेल तर पत्र्यासारखा विमा नाही. पण गार पडते तेव्हा गाडी घरीच असेल ह्याची हमी कोण देणार? ती बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या रांगेत असेल, नाहीतर डेपोच्या बाहेर नंबर लावून उभी असेल. तिथं पत्रा बरोबर नेता येत नाही. आणि गारा सुरू झाल्यावर झाडाखाली पळू नका. लिंबाची फांदी गारेपेक्षा जड असते.

वेळेचंही सांगतो. ढग बघून विमा काढता येत नाही. पॉलिसी एकदा तुटली की कंपनी आधी गाडीची तपासणी करते, फोटो मागते, मगच नवीन देते. ९० दिवस उलटले तर साठवलेली सगळी सूट जाते. आपल्याकडं गारेचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल, आणि नेमका तेव्हाच हात रिकामा असतो, कारण सगळे पैसे उन्हाळ कांद्यात अडकलेले. म्हणून लाल कांद्याची पट्टी हातात आली की गाडीच्या हप्त्याचे पैसे बाजूला काढून ठेवायचे. माझी पॉलिसी फेब्रुवारीच्या मध्यात संपते. जानेवारीतच मी ते पैसे मंडळींकडं देऊन टाकतो. माझ्याकडं राहिले तर खताला जातात.

गार पडलीच तर काय करायचं? पीक विम्याला आपल्याला ७२ तास तोंडपाठ झालेत. गाडीला तेवढीही वाट बघू नका, त्याच दिवशी कंपनीच्या नंबरवर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. गाडी धुवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत गारांचा सडा आणि नंबर प्लेट दोन्ही येऊ द्या. सर्व्हेअर येईपर्यंत काही बदलू नका. काच फुटून पाणी आत जात असेल तर प्लॅस्टिक बांधा आणि त्याचाही फोटो ठेवा. तलाठ्याच्या पंचनाम्यात पीक येतं, घर येतं, जनावर येतं. गाडी येत नाही. सरकारी मदतीच्या भरवशावर राहू नका.

कंपनीनं नाकारलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडं लेखी द्या. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर आलंच नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्या नाशिक जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबरही आहे. माझ्या प्रकरणात मी गेलो नाही, कारण कंपनी चुकीची नव्हती. कागदावर जे लिहिलं होतं तेच तिनं केलं. चूक माझी, मी कागद वाचला नव्हता.

तरी एक गोष्ट मला खुपतेच. तो कागद मी वाचायला घेतला असता तरी मला काय कळलं असतं? वीस-पंचवीस पानं इंग्रजीत, आणि जे माझ्या उपयोगाचं ते कुठल्या तरी आकड्याच्या मागं लपलेलं. पंचवीस हजारांचं नुकसान 'आयएमटी २३' ह्या नावात बसवलेलं होतं. पीक विम्याची माहितीपत्रकं मराठीत मिळतात, खताच्या गोणीवर मराठीत लिहिलेलं असतं, मग गाडीच्या पॉलिसीचं पहिलं पान मराठीत का नको? "ह्या पॉलिसीत दिवे आणि रंग नाहीत, हवे असतील तर एवढे जादा पडतील", हे एक वाक्य मोठ्या अक्षरात छापलं असतं तर मी साडेतेराशे भरले असते. नसते भरले तर निदान दोष तरी पूर्ण माझा असता. पिवळ्या पाटीच्या प्रत्येक गाडीला हे विचारूनच पॉलिसी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपलं काम आपण करू. आज रात्री जेवण झालं की पॉलिसी बाहेर काढा. पाचच गोष्टी बघा.

ओन डॅमेजची तारीख कुठवर आहे?
आयडीव्ही किती आणि कर्ज किती बाकी?
पिवळी पाटी असेल तर आयएमटी २३ लिहिलंय का?
गाडीचा वापर जो लिहिलाय, तोच तुम्ही करता का?
मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का?

स्वतःला वाचता येत नसेल तर पोराला, सुनेला बसवा. माझ्या घरी आता पोरगी वाचते. ह्या वर्षी भाचा पॉलिसी घेऊन आला तेव्हा मी काही बोलायच्या आधी तिनंच विचारलं, "दादा, तेवीस नंबर टाकलाय का?" तो हसला, म्हणाला, "टाकलाय गं बाई, आता नाही विसरत."

हप्ता साडेतेराशेनं वाढला. ह्या वेळी मी "कमी कर" म्हटलं नाही.

चला, आभाळ मोकळं आहे तोवर रोपाला पाणी देऊन येतो. कांद्याचं पुढच्या खेपेला.